आतल्या अंगाची खूण

न्यूमा कालामची सकाळ गेली एकतीस वर्षे सव्वापाचला सुरू होत असे, आणि तीही गजराशिवाय. तो उठे, स्वयंपाकघरातला लहान दिवा लावी, कॉफीचे भांडे गॅसवर चढवी आणि ती उकळून वर येईपर्यंत कालच्या पावाचे दोन काप करून त्यांवर लोणी आणि चेरीचा मुरंबा लावी. एक काप तो उभ्यानेच खाई. दुसरा कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकी आणि बहुतेक दिवशी संध्याकाळी तसाच परत आणून बायकोची बोलणी खाई. सहाला पाच कमी असताना तो दाढी संपवी. सहा वाजून पाच मिनिटांनी जिना उतरे. ला शो-द-फों या स्वित्झर्लंडमधल्या गावाचे रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ. मार्च अर्धा संपला तरी त्यांच्या कडेला बर्फाचे करडे ढीग साचलेले असत आणि त्यांवर नगरपालिकेने टाकलेली खडी बुटाखाली करकरत असे. वरच्या चौकात फ्रान्सच्या सरहद्दीकडून येणाऱ्या मोटारींची रांग दिवे लावून सरकत असायची. त्या रांगेतून वाट मिळेपर्यंत तो थांबे, पलीकडे जाई, आणि सहा पंचविसाला घड्याळांच्या कारखान्यात कोट काढून पांढरा झगा चढवी, टोपी घाली, कोपरापर्यंत हात धुई, अंगठ्यावर आणि दोन बोटांवर रबरी टोप्या ओढी. मग छातीइतक्या उंच टेबलाशी बसून कोपरे टेकवायची, डोळे मिटायचे आणि दहा श्वास मोजायचे. हे दहा श्वास त्याला सांदो मास्तरांनी शिकवले होते, तो अठरा वर्षांचा असताना. दहावा श्वास सोडला की भिंग डोळ्याला लागे.

त्या गुरुवारीही हे सगळे असेच झाले. नऊ वाजता घंटा झाली आणि बाराही जण कॉफीच्या खोलीत आले, तेव्हा टेबलावर बेकरीची दोन मोठी खोकी उघडून ठेवलेली होती आणि लोण्याचा वास सुटला होता. कुणाचा वाढदिवस असला, मूल झाले, नोकरी सुटली, की ज्याच्या त्याने नऊच्या सुट्टीला सगळ्यांना क्रॉसाँ खायला घालायची, ही रीत गावातल्या प्रत्येक कारखान्यात आहे. या खोलीत तिला एक पोटकलम होते: ज्याच्या हातचे घड्याळ बिघडून परत आले, त्यानेही आणायची. त्यात दंडापेक्षा थट्टाच जास्त असे. रेन्झोने आजवर तीनदा आणली होती आणि तिन्ही वेळा खुर्चीवर चढून भाषण ठोकले होते.

"काय ओदिल, कशाबद्दल?" रेन्झोने दोन्ही हात पुढे करत विचारले. "नवरा परत आला, की कायमचा गेला?"

"नवरा आहे तिथंच आहे, टीव्हीपुढं," ओदिल म्हणाली. "घड्याळ परत आलंय."

"तुझं? उगाच काहीतरी!"

"माझंच. जेनोआच्या कुणा होडीवाल्याचं. आत वाफ धरली. काल संध्याकाळी अहवाल आला. रबरी गॅसकेट बसवताना जास्त दाब पडला, कवचाची कड चिरली." तिने खोके न्यूमासमोर धरले. "घ्या ना, मस्यू कालाम. आमच्या गावच्या बेकरीतली आहेत, तुमच्या इथल्यासारखी कोरडी नाहीत."

न्यूमाने एक घेतले. ते खरोखर चांगले होते. बाहेरून कुरकुरीत आणि आत ओलसर. त्याने ते चार घासांत संपवले आणि तिने पुन्हा खोके पुढे केले तेव्हा दुसरेही घेतले. एवढ्यात सूचनाफलकाशी उभा असलेला रेन्झो ओरडला, "न्यूमा, इकडे ये. चंद्राचा फोटो लावलाय बघ!" न्यूमा उठून गेला. परत आलेल्या घड्याळाच्या कवचाचा, शंभरपट मोठा केलेला तो फोटो होता. काळे थर, दाबलेल्या वहीच्या पानांसारखे एकावर एक. त्यांतून एक फट गेलेली, सुरुवातीला केसाएवढी आणि पुढे रुंदावत गेलेली. जिथून ती फुटली होती तिथे एक टिंब होते. टिंबाच्या शेजारी तिरक्या रेघेचे टोक. बाकीची रेघ, आणि तिच्या जोडीची दुसरी, फटीने गिळून टाकली होती. पाहणाऱ्या कुणालाही तिथे चिरलेली कड दिसली असती. न्यूमाला स्वतःचे हस्ताक्षर दिसले.

तोंडातला घास त्याला गिळता येईना आणि थुंकताही येईना. तो फलकाकडे तोंड करून तसाच उभा राहिला. "ठसका लागला का?" ओदिलने मागून येऊन त्याच्या हातात कागदी रुमाल दिला आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्हाला सांगायचंच होतं. आतलं यंत्र तुमचं होतं, मी नंबर बघितला. तुमचं एवढं काम माझ्यापायी वाया गेलं. माफ करा."

त्याने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यालाही सांगता आले नसते.

"माझा हातच जड आहे," ती म्हणाली. "चीजचा हात. सोमवारपासून मला पट्टे जोडायच्या कामावर बसवणार आहेत, जूनपर्यंत. जूनमध्ये करार संपतोय, तेव्हा पुढं बघू म्हणाले." आणि मग ती हसली. "पट्ट्यांना काय, कितीही दाबा."

तो टेबलाशी परतला. दहा श्वास मोजायला बसला आणि चारच्या पुढे त्याला जाता येईना. समोर ताटलीत चालू काम पडले होते. टिटॅनियमची पोकळ कोरलेली पट्टी, तिच्यावर चाके, आणि शेजारी रिकामे काळे कवच. या घड्याळाने तीन वर्षांपूर्वी या खोलीत पाऊल टाकले, तेव्हा सगळे त्याला हातात घेऊन हसले होते. कार्बनच्या केसाहून बारीक धाग्यांची पातळ पाने तिरकी रचायची, राळेत भिजवायची, दाबायची, भट्टीत शिजवायची आणि त्या ठोकळ्यातून कवच कापून काढायचे. सबंध घड्याळाचे वजन पट्ट्याशिवाय तीस ग्रॅम, अर्ध्या अंड्याएवढे. टेनिस खेळणाऱ्यांना, शिडाच्या होड्या हाकणाऱ्यांना ते मनगटावर असल्याचे कळतही नाही, असे विकणारे सांगत, आणि त्याची किंमत या खोलीतल्या कुणाच्याही वर्षभराच्या पगाराहून जास्त होती. हे सगळे ठीक होते. पण न्यूमाचा हात सोन्यावर आणि पोलादावर घडलेला होता. आठ दिवस खपून जुळवलेले घड्याळ ताटलीतून पुढे सरकवताना हातातून काहीतरी गेल्याची एक जाणीव होई. तळव्याला थोडा वेळ एक पोकळी राही, आणि ती पोकळी हीच त्याच्या कामाची पावती होती. हे नवे घड्याळ तसे काहीच ठेवून जात नसे. हात जितका रिकामा असे तितकाच नंतरही असे. पहिल्या महिन्यात तर एकदा तो जेवणाच्या सुट्टीनंतर परत आला आणि सकाळी आपण ते घड्याळ पुढे दिले की नाही, हेच त्याला आठवेना. सुरुवात तिथून झाली असावी. निदान त्याने स्वतःची समजूत तशी घातली होती.

खूण जुनी होती. दोन तिरक्या रेघा आणि एक टिंब, मोहरीच्या चौथाईएवढे, कवचाच्या आतल्या अंगाला, यंत्राच्या कड्याखाली, जिथे यंत्र एकदा खाली उतरले की कुणाची नजर पोचत नाही. सांदो मास्तर दुरुस्तीचे काम करत, आणि दुरुस्ती करणारे जुने कारागीर झाकणाच्या आत तारीख आणि आपली खूण खरडत असत. ती उघड रीत होती, तिच्यात चोरी नव्हती. न्यूमा कारखान्यात आला आणि चोरी सुरू झाली. इथे घड्याळ कंपनीचे. नव्या माणसांना तो स्वतःच सांगे, "नाव कंपनीचं, हात आपला. त्यात सगळं आलं." हे तो इतक्या शांतपणे सांगे की ऐकणारे वरमत. आणि तेच सांगून टेबलाशी परतल्यावर, वर्षातून एखाद्या वेळी, फारच मनासारखे जमलेले एखादे सोन्याचे घड्याळ पुढे जाण्याआधी, तो सुईने आत आपल्या दोन रेघा मारून ठेवी. अठ्ठावीस वर्षांत अशा चाळीसएक झाल्या असतील. सोन्याला त्याने काही होत नव्हते. पण या काळ्या, बिनवजनाच्या घड्याळांवर त्याने तीन वर्षांत बावीस वेळा सुई चालवली होती.

आणि त्याला ठाऊक नव्हते असे नाही. हा विचार दुपारभर त्याच्याभोवती घिरट्या घालत राहिला. तो आला की न्यूमा मान खाली घालून चिमटा उचले आणि पुन्हा ठेवी. पहिल्याच आठवड्यात लोझानहून एक तरुण अभियंता बाई आली होती. कवचाचे दोन तुकडे करून तिने पडद्यावर दाखवले होते. "एक धागा तुटला तरी पाणी त्या धाग्याच्या वाटेनं आत शिरतं," ती म्हणाली होती. "बाहेरून असो की आतून. सुईसुद्धा लावायची नाही." पहिल्या रांगेत बसून न्यूमाने मान डोलावली होती, टिपणही केले होते. आणि दोन महिन्यांनी सुई हातात घेताना त्याच्या मनात आले होते की ती सूचना इतरांसाठी आहे, ज्यांचा हात कच्चा आहे त्यांच्यासाठी. हेच शब्द. ते आता त्याला जसेच्या तसे ऐकू येत होते आणि कानांच्या पाळ्या तापत होत्या.

ओदिलचे टेबल त्याच्या डावीकडे, काचेच्या आडोशापलीकडे होते. ती तीन वर्षांपूर्वी आली ती चीजच्या तळघरातून. चाळीस-चाळीस किलोची चीजची चाके फळीवरून उतरवायची, मिठाच्या पाण्याने पुसायची, उलटी करून पुन्हा वर चढवायची. अकरा वर्षे तिने ते केले आणि उजवा खांदा गेला. इथे आल्यावर पहिले सहा महिने ती रिकामी कवचे मागून घरी नेई आणि रात्रीचे जेवण झाल्यावर पाणी अडवणाऱ्या जुन्या गॅसकेटा त्यांत बसवून पाही. तिच्या हाताला एक विलक्षण मऊपणा आला होता, जो जड वस्तू सांभाळलेल्या माणसालाच येतो. न्यूमाने ते पाहिले होते, मनाशी कबूलही केले होते, तिला कधी सांगितले नव्हते. आता आडोशापलीकडे ती गॅसकेट चिमट्यात धरून थांबली होती. ती खाली उतरवण्याआधी तिने हात मागे घेतला, झटकला, पुन्हा पुढे नेला आणि पुन्हा मागे घेतला. काल हा हात असा थांबत नव्हता.

साडेतीनला तो उठला आणि बास्तियाँच्या केबिनमध्ये गेला. बास्तियाँ विभागप्रमुख; अडतिशीचा, सभ्य, सतत कुठल्या तरी बैठकीला निघालेला.

"त्या जेनोआच्या घड्याळाचं," न्यूमा म्हणाला. "कारण दुसरंच काही असलं तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे दाब नव्हे. कवचातच आधीपासून काही असलं तर."

बास्तियाँने चष्मा वर ढकलला. "न्यूमा, तू तिची बाजू घेतोयस, हे तुला शोभतंच. पण अहवाल वर गेला. तिनं मान्य केलंय. ती वाद घालती तर आम्ही कवचं तपासली असती, सगळा लॉट परत मागवावा लागला असता, देव जाणे काय काय झालं असतं. तिनं मान्य केलं, विषय संपला. एक चूक, एक माणूस." मग तो जरा मोकळा होऊन म्हणाला, "तू ऑक्टोबरमध्ये सुटतोयस ना? तुझ्या निरोपाच्या दिवशी मोठे साहेब स्वतः येणार आहेत. तू कशाला डोक्याला ताप करून घेतोस?"

न्यूमा बाहेर आला तेव्हा त्याला हलके वाटत होते. पाच-सात पावले ते हलकेपण टिकले. आठव्या पावलाला ते कशाचे आहे हे त्याला उमगले, आणि भर उजेडात, अकरा माणसांच्या देखत, आपल्या अंगावर कपडे नाहीत असे वाटून त्याने झग्याची वरची गुंडी लावली.

संध्याकाळी त्याच्या बायकोने, लिलियानने, किसलेल्या बटाट्यांची रोस्टी आणि सॉसेज केले होते. त्याने काट्याने बटाटे इकडचे तिकडे केले. चूक सांगणे त्याला जमले असते. एकतीस वर्षांत त्याच्या हातून चुका झाल्या होत्या आणि त्याने त्या मान वर करून सांगितल्या होत्या. पण ही सांगायची म्हणजे खूण सांगायची. दोन रेघा आणि टिंब. एकसष्ट वर्षांचा माणूस, बाकावर नाव कोरणाऱ्या पोरासारखा, चोरून. रेन्झो हसेल, नाही, रेन्झो हसणार नाही, तो नजर फिरवील, आणि ते जास्त वाईट. ज्यांना त्याने "त्यात सगळं आलं" सांगितले होते, ते एकमेकांकडे बघतील. ओदिलला पट्ट्यांवर पाठवल्याची लाज एका बाजूला होती, आणि ही दुसरी, लहानशी, ओशाळवाणी लाज दुसऱ्या बाजूला. आणि खरे सांगायचे तर ही दुसरी अधिक जड होती. हे कळल्यामुळे पहिली आणखी वाढत होती.

"मेण चघळल्यासारखा काय खातोयस?" लिलियान म्हणाली. "तो पावाचा काप आणलास ना परत? दाखव खिसा."

"आणला."

"मग आज दुपारीही नाही खाल्लंस. झालंय काय?"

"तुला सांदो मास्तर आठवतात?"

"न आठवायला काय झालं? आईचं घड्याळ नीट करून झाकणात आपलं नाव खरडून ठेवलं होतं त्यांनी. आई म्हणायची, घड्याळ माझं आणि सही ह्याची!" लिलियानने त्याच्या ताटातले सॉसेज स्वतःच्या ताटात घेतले. "पण दोन महिन्यांत ते बंद पडलं, तेव्हा तीच सही उघडून तिनं त्यांच्या नाकासमोर धरली. मी होते बरोबर. दुकानात माणसं उभी होती, त्यांच्यादेखत. त्यांनी घड्याळ घेतलं, भिंग लावलं आणि म्हणाले, 'मादाम, म्हणूनच लिहितो. शिव्या द्यायला पत्ता लागतो.'"

न्यूमाने काटा खाली ठेवला. हे वाक्य त्याने मास्तरांच्या तोंडून शंभरदा ऐकले असले पाहिजे, कारण ऐकताच ते ओळखीचे वाटले. आणि तरी चाळीसएक वर्षांत ते त्याला एकदाही आठवले नव्हते. त्याला आठवत असे ती सुई, झाकणात उमटणारी बारीक रेघ, आणि तिच्यावर फुंकर मारून मास्तरांनी तिरपी धरून पाहणे. त्याने खूण घेतली होती आणि पत्ता टाकून दिला होता. आपल्या घड्याळांत ती अशा जागी मारली होती, जिथे कुणी कधी शोधत येणार नाही.

"मी काही बोलले का?" लिलियानने विचारले.

"नाही," तो म्हणाला. "तू काही नाही बोललीस."

शुक्रवारी घंटेच्या आधीच तो ओदिलच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. तिच्या ताटलीत त्याने बुधवारी पुढे केलेले घड्याळ होते, अजून झाकण न लागलेले. "हे मला जरा देता?" तो म्हणाला. तिने दिले. त्याने तिच्याच टेबलावर दोन स्क्रू काढले, यंत्र वर उचलून बाजूच्या ताटलीत ठेवले आणि रिकामे कवच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवले. "बघा. कड्याखाली, सहाच्या आकड्याच्या बाजूला."

ओदिल वाकली. बराच वेळ तिने डोळा काढला नाही.

"ओरखडा आहे."

"खूण आहे. माझी."

"खूण म्हणजे?"

"सहीच म्हणा. मी मारतो. मारत होतो."

"त्या होडीवाल्याच्यात होती?"

"होती. फट तिथूनच सुटलीय. फोटोत टिंब दिसतं. तुमचा दाब बरोबर होता. तुमचा दाब नेहमीच बरोबर असतो."

ती सरळ झाली. तिने बोटांवरच्या रबरी टोप्या एकेक करून काढल्या आणि टेबलाच्या कडेला ओळीने ठेवल्या. "मी काल खांद्याच्या डॉक्टरला फोन केला," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "म्हटलं, हात ऐकत नाही, तपासून सांगा. नवऱ्याला म्हटलं, आता आपलं काही खरं नाही, मी परत चीजकडं जाते. तो टीव्ही बंद करून बसला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा." मग तिने त्याच्याकडे पाहिले. "आणि तुम्ही दोन खाल्लीत, मस्यू कालाम."

"पहिलं खाल्लं तेव्हा माहीत नव्हतं."

"आणि फोटो बघितल्यावर?"

"बघितल्यावर माहीत होतं. काल दिवसभर माहीत होतं."

तिने काही बोलावे, निदान ओरडावे, असे त्याला वाटले. आणि मग असे वाटण्याचाही आपल्याला हक्क नाही, असे वाटले. शेवटी ती म्हणाली, "मला सांगून काय होणार? मी तर कबूल करून बसलेय."

"आता तिकडेच निघालोय. आधी तुम्हाला सांगायचं होतं."

"मग थांबा. ते यंत्र असं उघडं टाकून जाऊ नका, धूळ बसेल."

त्याने ते दोन स्क्रू परत लावायला घेतले. पहिला स्क्रू दोनदा निसटला. ओदिल शेजारी उभी राहून बघत होती.

बास्तियाँ केबिनमध्ये उभ्यानेच कागद चाळत होता. न्यूमाने सांगितले ते चार वाक्यांत संपले. बास्तियाँ आधी गोंधळला, मग खुर्चीत बसला आणि त्याने न्यूमाच्या खांद्यावरून बाहेर पाहिले. टेबलांवरची काही डोकी वर झाली होती. "दार लावून घे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "हे आपल्या दोघांत काहीतरी करता येईल. तिला मी पट्ट्यांवर नाही पाठवत, झालं? पण हे वर गेलं तर ऑक्टोबरचं सगळंच..."

"दार राहू दे," न्यूमा म्हणाला. "ती घड्याळं लोकांच्या हातांवर आहेत."

"किती?"

"बावीस. एक परत आलंय, एक आत टेबलावर आहे. वीस बाहेर."

"कुठली, ते शोधायलाच महिना जाईल."

"शोधायला नकोत. मला पाठ आहेत." हे बोलताना त्याचा चेहरा तापला, पण त्याने मान खाली घातली नाही. "लिहून घे."

बास्तियाँने एक कोरा कागद ओढला आणि पेनाचे टोपण काढले. न्यूमाने पहिला क्रमांक सांगितला, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. बास्तियाँचे लिहून होईपर्यंत तो थांबला, आणि मग त्याने दुसरा सांगितला.